मालवणच्या समुद्राबद्दल, नागपूरच्या वनभवनास

प्रति,
माननीय प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, वनभवन, नागपूर

महोदय,



नरखेड तालुक्यातून, म्हणजे कोणताही किनारा जिथून शेकडो किलोमीटर दूर आहे अशा संत्र्याच्या पट्ट्यातून, समुद्राविषयी पत्र यावे हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण ज्या समुद्राविषयी मी लिहितो आहे, त्याचा कारभारही नागपुरातूनच चालतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे राज्यातल्या प्रत्येक अभयारण्याचे नियंत्रण आणि व्यवस्थापन मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असते, आणि त्यात मालवणचे सागरी अभयारण्यही आले. ताडोबा, पेंच, मेळघाटच्या फायली ज्या टेबलावर उघडतात, त्याच टेबलावर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या प्रवाळांचीही फाईल येते. जंगल राखण्याची एक रीत आपल्या खात्याने दीडशे वर्षांत घडवली: हद्द आखायची, चौकी बांधायची, आत येणाऱ्याला अडवायचे. ती जंगलात किती चालली यावर वाद होऊ शकतो. पाण्यावर ती चालत नाही, हे मात्र सिद्ध करता येते, आणि त्याचा एक पुरावा तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

आधी मालवणचे. हे अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. क्षेत्र २९.१२२ चौ. किमी, त्यातले ३.१८२ चौ. किमी गाभ्याचे, बाकीचे भोवतालचे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या १,७२७ चौ. किमीच्या मानाने हा जेमतेम साठावा हिस्सा. पण तो कुठे आहे ते पाहावे. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि पाण्याखालची खडपे येतात. हद्द मालवण बंदरापासून सुरू होऊन किनाऱ्याला समांतर तारकर्लीकडे जाते. रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांची), गिलनेटवाल्यांची, छोट्या होड्यांची रोजची वहिवाट नेमकी याच पाण्यातली. म्हणजे एखाद्या दूरच्या निर्जन बेटाभोवती नव्हे, तर एका गजबजलेल्या मासेमारी गावाच्या दारातच अभयारण्याची रेघ ओढली गेली. त्या वेळच्या कायद्यात आधी घोषणा आणि मग लोकांच्या हक्कांची चौकशी असा क्रम होता. सागरी हद्दीतले पाणी अभयारण्यात घ्यायचे असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताला संरक्षण देणारे पुरेसे उपाय आधी करावेत, ही अट कलम २६ अ मध्ये आली ती १९९१ च्या दुरुस्तीने. मालवण त्याच्या चार वर्षे आधीचे. जी गोष्ट संसदेला नंतर आवश्यक वाटली, ती मालवणच्या वाट्याला आलीच नाही. तिथल्या मच्छीमारांनी घोषणेला विरोध केला आणि तो वर्षानुवर्षे टिकला, यात अडाणीपणा शोधण्याची गरज नाही.

कागदावरच्या रेघेने मासा वाचतो का, याचे उत्तर आता बऱ्यापैकी मोजून झालेले आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जगातल्या ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा उपयोग खरोखर दिसला, त्या क्षेत्रांत पाच गोष्टी होत्या: मासेमारी पूर्ण बंद, नियमांची अंमलबजावणी, दहा वर्षांहून अधिक वय, मोठा विस्तार आणि एकटेपण, म्हणजे भोवती खोल पाणी वा वाळू. यांतल्या एक-दोनच गोष्टी ज्यांच्याकडे होत्या, अशी क्षेत्रे निम्म्याहून जास्त निघाली, आणि ती बाहेरच्या, मासेमारी चालू असलेल्या पाण्यापेक्षा वेगळी ओळखूही येत नव्हती. मालवण मोठे नाही, एकटेही नाही, आणि होणारही नाही. तेव्हा आपल्या हातात उरते ती अंमलबजावणी. त्याच पत्रिकेतल्या २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासाने तर असे दाखवले की, माशांची संख्या कुठे वाढली आणि कुठे नाही हे सर्वांत जास्त ठरले ते पुरेशा मनुष्यबळावर. आणि बहुतेक ठिकाणी पैसा व माणसे दोन्ही अपुरी होती. विकसनशील देशांतल्या सागरी संरक्षणाचा प्रश्न एका वाक्यात मांडायचा तर तो हाच: रेघ ओढायला खर्च येत नाही, राखायला येतो. समुद्रात चौकी बांधता येत नाही, गस्तीच्या बोटीला डिझेल लागते, आणि पगारी रक्षक संध्याकाळी घरी जातो. तिथे दिवसरात्र असणारा माणूस एकच, तो म्हणजे मच्छीमार. त्याला राखणदार केले तर अभयारण्य टिकते. त्याला गुन्हेगार धरले तर खात्याला किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरावर नजर ठेवावी लागते, आणि तेवढी माणसे कोणत्याच खात्याकडे नसतात.

हे तत्त्वज्ञान नाही, पडताळून पाहिलेली गोष्ट आहे. फिलिपिन्समधील सुमिलोन बेटावर १९७४ मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने प्रवाळाचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद झाला. उरलेल्या भागात मासळी भरपूर मिळू लागली. १९८४ मध्ये स्थानिक राजकारण फिरले, बंदी मोडली, आणि सगळे प्रवाळ मासेमारीला खुले झाले. क्षेत्र वाढले, तर मासळीही वाढायला हवी होती. ती दोन वर्षांच्या आत जवळपास निम्म्याने घटली. एवढा स्वच्छ प्रयोग निसर्गशास्त्रात क्वचित घडतो. पण यातला दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. त्याच विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांनी जवळच्या अपो बेटावर वेगळी वाट धरली. तिथल्या मच्छीमारांशी कैक महिने बोलून, प्रवाळाचा साधारण दहावा हिस्सा कोणता बंद ठेवायचा हे त्यांनाच ठरवू दिले, राखणही गावकऱ्यांचीच. १९८२ पासूनची ती व्यवस्था टिकली, आणि पुढे त्या देशाच्या १९९१ च्या कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी नगरपालिकांच्या अखत्यारीत दिले. मग १९९४ मध्ये अपो ‘राष्ट्रीय’ संरक्षित क्षेत्र झाले. पर्यटकांचे शुल्क राजधानीत जाऊन परतायला वेळ लागू लागला, निर्णय वरून येऊ लागले, आणि ज्यांनी पाणी राखले त्यांच्यात नाराजी पसरली. आपले कार्यालय मनिलात नाही, नागपुरात आहे, इतकाच फरक. अपोमध्ये मासेमारी पूर्ण बंद असलेला पट्टा आहे, हेही विसरू नये. लोकांचा अधिकार म्हणजे ढिलाई, असे समीकरण मांडणाऱ्यांना तो पट्टा उत्तर देतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तोतलाडोहचा जलाशय पेंचच्या जंगलात पसरलेला आहे, मोठा भाग मध्य प्रदेशात, उरलेला महाराष्ट्रात. मध्य प्रदेश शासनाने पूर्वी त्या जंगलात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे ३०५ परवाने दिले, त्याला आव्हान मिळाले, आणि मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेली वाट, रोजची नोंद, काठावर चूल पेटवायची नाही, परवाना दुसऱ्याला द्यायचा नाही, अशा अटी घातल्या, आणि नाजूक निसर्ग जपतानाच त्या लोकांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, असे सांगितले. महाराष्ट्राच्या बाजूने आपल्या खात्याने बंदीचा मार्ग धरला. २००२ मध्ये तोतलाडोहची वस्ती हटवली गेली. त्यानंतरही चोरटी मासेमारी आणि वनरक्षकांशी झटापटी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. हा जलाशय चहूबाजूंनी काठांनी बांधलेला आहे, भोवती व्याघ्र प्रकल्पाच्या चौक्या आहेत, प्रवेशाच्या वाटा मोजक्या आहेत. इतक्या बंदिस्त पाण्यातही निव्वळ मनाई पुरी पडली नाही, तर अरबी समुद्राच्या उघड्या पाण्यात ती कशी पुरणार?

नरखेड-काटोलच्या लोकांना हा प्रश्न समुद्र न पाहताही कळतो. १९९३ च्या राज्य कायद्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यास मनाई होती. संत्र्याच्या बागा असलेल्या पट्ट्यात हा नियम किती पाळला गेला, हे तहसील कार्यालयाला विचारायची गरज नाही. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, हलते, आणि शेजाऱ्याने उपसले तर आपण का थांबायचे, असा हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो. समुद्रातल्या माशाचेही तसेच. पण त्याच राज्यात हिवरे बाजारच्या ग्रामसभेने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, आणि तो नियम टिकला. कायदा राज्याचाही होता, गावाचाही होता. शेजाऱ्याने नियम मोडला तर आपल्यालाच त्याला अडवता येते, ही खात्री फक्त दुसऱ्यात होती.

मालवणच्या मच्छीमाराकडे नेमकी हीच खात्री नाही. त्याचा खरा प्रतिस्पर्धी कोण, हे समजल्याशिवाय अभयारण्याचा वाद समजत नाही. रापण किनाऱ्यावरून ओढतात. किनाऱ्याला आलेला बांगडा, तारली त्यात येते. पर्ससीन जाळे तोच थवा येण्याआधीच समुद्रात घेरून उचलते. परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर रात्री तळ खरवडून जातात. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करणाऱ्या बोटी तर अंधारच संपवतात. याविरुद्ध आंदोलने केली ती पारंपरिक मच्छीमारांनी. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावर आधारलेला ५ फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवरच्या निर्बंधांचा आदेश, केंद्राची २०१७ ची एलईडी बंदी, आणि एलईडी मासेमारीला ५ ते २० लाख रुपये दंड ठरवणारी राज्याच्या सागरी मासेमारी कायद्याची २०२१ ची दुरुस्ती, यांच्या मागे त्यांचा रेटा होता. म्हणजे ज्यांना आपण संवर्धनाच्या आड येणारे समजतो, त्यांनीच राज्यातले सर्वांत कडक सागरी नियम मागून घेतले. पण हे नियम राबवायचे ते मत्स्यव्यवसाय खात्याने. अभयारण्य सांभाळायचे ते वन खात्याने. परराज्यातला ट्रॉलर आत शिरला की मच्छीमार स्वतः समुद्रात जाऊन तो अडवतात, आणि अशा प्रसंगांत कधी कधी त्यांच्यावरच गुन्हे दाखल होतात. अशा माणसाला अभयारण्याचा फलक दाखवला तर त्याला एकच दिसते: मोठी बोट सुटली आणि आपली होडी अडली.

यावर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा की, स्थानिक मच्छीमारही काही साधुसंत नव्हेत. बारीक आसाची जाळी तेही टाकतात, आणि पैसा आला की त्यांच्यातलेच काही यांत्रिक बोटी घेतात. खरे आहे. म्हणूनच मी अधिकार मागतो तो व्यक्तीला नाही, तर नावनिशीने नोंदलेल्या, हिशेब द्यायला बांधील असलेल्या संस्थेला: रापण संघ, मच्छीमार सहकारी सोसायट्या, ग्रामसभा. न्यायालयाने तोतलाडोहच्या परवान्यांना अटी घातल्या, तशा याही अधिकाराला घालता येतील. जाळ्याचा आस, बंद खडपे, बंद महिने, आणि मोडणाऱ्याला संस्थेतून बाहेर काढण्याची तरतूद. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. इतकेसे क्षेत्र शेकडो मैल फिरणाऱ्या बांगड्याला काय वाचवणार? बांगड्याला नाहीच वाचवणार, आणि आपल्या खात्याने तसे आश्वासन कधी देऊही नये. खडपाला धरून राहणारा गोबरा, तांबोशी, प्रवाळ, त्यावर वाढणारी पिल्ले, एवढ्यांना ते वाचवू शकते. फिरत्या मासळीचे रक्षण मासेमारीच्या नियमांनीच होईल. अभयारण्याकडून जितके होते तितकेच मागितले, तर मच्छीमारांची त्याच्याबद्दलची अर्धी शंका संपेल.

तिसरा आक्षेप पर्यटनाचा, आणि इथे मी स्थानिकांच्या बाजूने डोळे मिटून उभा राहणार नाही. किल्ल्याभोवतीच्या खडपांवर स्नॉर्केलिंग, स्कूबा डायव्हिंग, नांगर टाकून उभ्या बोटी, हे आता मालवणच्या अर्थकारणाचा मोठा भाग आहे, आणि त्यात अनेक मच्छीमार कुटुंबांचाही सहभाग आहे. प्रवाळावर पडलेला नांगर मासेमारीपेक्षा कमी घातक नसतो. रापणवाल्याला बंदी आणि डायव्हिंगच्या बोटीला मुभा, असा अर्थ लोकांनी काढला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण ही गोष्ट कायद्याने थेट आपल्या हातात आहे. कलम २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देतो. बांधणीसाठी कायमची बोयरे, बोटींची संख्या, आणि शुल्काचा मोठा वाटा थेट किनाऱ्यावरच्या संस्थांच्या खात्यात, एवढे करायला नवा कायदा लागत नाही. २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या मदतीने सिंधुदुर्गात खेकडापालन, कालवपालनासारखे उपक्रम झाले. त्यांतले काही चांगलेही होते. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिलांच्या स्वामिनी बचत गटाने कांदळवन सफरी चालवून दाखवल्या. तरीही रोजगाराचे साधन देणे आणि निर्णयाचा अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्पाने पहिली दिली.

कायद्यात दुसरीलाही जागा आहे, फक्त ती अरुंद आहे. जंगलातल्या लोकांना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिले. गडचिरोलीतले मेंढा (लेखा) त्या हक्कांवर आपले जंगल सांभाळते आहे. समुद्रावरच्या लोकांसाठी असा कायदा नाही. कलम ३३ ब ची सल्लागार समिती आहे, तीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात, पण मच्छीमार संस्थांसाठी राखून ठेवलेली जागा नाही, आणि समितीला फक्त सल्ला देता येतो. तरी कलम २४(२)(क) प्रमाणे अभयारण्यातला एखादा हक्क चालू ठेवण्यास जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने परवानगी देऊ शकतात. अभयारण्याला लागून असलेल्या पाण्यासाठी कलम ३६ अ चा संवर्धन राखीव क्षेत्राचा मार्ग आहे; त्याला स्थानिक लोकांशी विचारविनिमय बंधनकारक आहे आणि व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी लागतो. तो समुद्रात वापरताच येत नाही असे म्हणू नये. लक्षद्वीपने २०२० मध्ये समुद्रकाकडीसाठी, आणि तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी ४४८ चौ. किमीचे राखीव क्षेत्र केले ते याच मार्गाने.

२०३० पर्यंत जगातला ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत ठरले. त्यामुळे आता प्रत्येक किनारी राज्यावर आकडा वाढवण्याचा दबाव येणार, आणि मालवणच्या पलीकडे, अंग्रिया बँकेसारख्या बुडीत पठारापर्यंत नव्या रेघा ओढल्या जाणार. त्या ओढायला माझा विरोध नाही. पण १९८७ ची रेघ आधी मार्गी लावावी, एवढी विनंती आहे. मच्छीमारांवर विश्वास टाकून पाहण्याचा अनुभव आपल्याच खात्याला आहे. जाळ्यात सापडलेले कासव, डॉल्फिन वा व्हेल शार्क (बहिरी मासा) सोडवण्यासाठी जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, असे शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये ठरवले. पुरावा म्हणून मच्छीमाराने स्वतः काढलेले छायाचित्र वा चित्रफीत चालते. वनरक्षक समुद्रात पाठवावा लागत नाही, आणि किनाऱ्यावरून अशी प्रकरणे येत राहिली. त्याच विश्वासावर मालवणची व्यवस्था उभी करता येईल.

तेव्हा मागणी नेमकी अशी. अभयारण्यातल्या मासेमारीच्या हक्कांची चौकशी कुठवर आली आहे, ते मराठीत जाहीर करावे. कोणती खडपे बंद ठेवायची आणि कोणती वापरायची, याचा नकाशा रापण संघ आणि सोसायट्यांनी तयार करावा, खात्याच्या शास्त्रज्ञांनी तो तपासावा, आणि बंद खडपांवर मासेमारी पूर्ण थांबवावी. परक्या बोटींची तक्रार मच्छीमारांनी केली की वन, मत्स्यव्यवसाय आणि सागरी पोलीस या तिन्ही खात्यांनी किती तासांत काय केले, याची नोंद सर्वांना पाहता यावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. बोलायला वेळ असलेले सगळे लोक तेव्हा गावातच भेटतील. या सगळ्यासाठी मच्छीमारांशी बैठका त्या दोन महिन्यांत घ्याव्यात, आणि त्या वनभवनात नव्हे, तर मालवणात व्हाव्यात. खात्याची तयारी असेल तर पहिल्या बैठकीची तारीख १ जूनच्या आत जाहीर करावी.

आपला,
नरखेड तालुक्यातील एक नागरिक